आत लय तापलंय

साताऱ्यातल्या आमच्या शाळेच्या खिडक्यांना नव्या जाळ्या बसवताहेत. वेल्डिंगचा करपट वास आज वर्गात शिरला, तेव्हा मी पडद्यावर अवकाश दुर्बिणीने टिपलेला तेजोमेघ दाखवत होते. मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर सोडलेल्या वायूचं ते कडं, आत निळं आणि बाहेर तांबूस.

असंच चित्र मी सांगलीला कॉलेजच्या प्रदर्शनात लावलं होतं. माझे वडील, आबा, कुपवाडला एका कारखान्यात वेल्डर होते. पाळी संपवून, शर्टावरच्या ठिणग्यांच्या भोकांसकट ते बघायला आले आणि चित्रासमोर बराच वेळ थांबले.

"पत्र्यावर गॅस धरला की असंच कडं उठतंय बघ," ते म्हणाले. "मधी निळं, भायेर तांबडं. म्हंजे आत लय तापलंय."

मैत्रिणी हसल्या. माझे कान गरम झाले.

"रंग शोभेसाठी भरलेत, आबा," मी म्हणाले. तेवढ्यात परीक्षक आले. आबांकडे न बघता मी त्यांना सांगितलं, "टेबल पोचवायला आलेत ते."

आबांनी खरंच टेबल उचलून नीट सरळ केलं आणि ते निघून गेले.

पुढे शिकताना कळलं, की ते रंग कुठला वायू कुठे आहे हे दाखवतात, आणि आतला वायू खरंच जास्त तापलेला असतो. आबांना हे सांगायचं राहूनच गेलं.

पत्र्याचं उदाहरण मात्र मी दरवर्षी देते. आज एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"वाचलंय कुठंतरी," मी म्हणाले.