काशिनाथचा हॉर्न

काशिनाथ पाटील गोदामातल्या प्रत्येक कोपऱ्यावर फोर्कलिफ्ट थांबवून तीनदा हॉर्न वाजवायचा. समोर चिटपाखरू नसलं तरी. तळोज्याच्या त्या गोदामातली गाड्यांची ये-जा मी सांभाळत असे. माल वाहणारे रोबो आले तेव्हा मी त्याला म्हणालो, "अरे, त्यांना ऐकू येत नाही. ते बघून थांबतात."

"मशिनीला डोले हायत, सायेब. मानसाला कान हायत. मी मानसासाठी वाजवतो."

पोरं त्याला 'बँडवाला' म्हणत. तो म्हणे, "तुज्या लग्नात फुकट वाजवीन."

एके दिवशी रोबो पाहायला बडे पाहुणे येणार होते. रोबो कसे निःशब्द चालतात, याचं चित्रीकरणही होतं. मी काशिनाथला हॉर्नची वायर काढायला लावली.

"मुकी गारी मी चालवनार नाय, सायेब."

"मग उद्यापासून येऊ नकोस. गेटवर दहा जण उभे आहेत."

त्याने वायर काढली. पण सकाळभर प्रत्येक कोपऱ्यावर स्वतःच "होऽऽ" करून ओरडत राहिला. पाहुणे हसले. मी त्याला सगळ्यांदेखत झापलं, तेव्हा गप्प झाला.

दुपारी एका कोपऱ्यावर त्याची गाडी पाहून रोबो शहाण्यासारखा थांबला. रोबोमागून येणारी सुनंदा, रॅकवरचा माल काढणारी बाई, त्याला वळसा घालून पुढे आली. तिचं पाऊल फोर्कलिफ्टच्या चाकाखाली गेलं. ते कापावं लागलं.

चौकशीत कंपनीच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "वायर कोणी काढली?"

"मी. यांनी सांगितलं म्हनून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी फक्त आवाज कमी कर म्हणालो होतो," मी म्हणालो. अहवालही मीच लिहिला. काशिनाथला काढलं. सुनंदाच्या नवऱ्याने गेटवर त्याच्या थोबाडीत मारली. मी काचेआडून पाहिलं.

मी निवृत्त झाल्यावर घणसोली गावातल्या एका बोळात तो दिसला. पिशवी घेऊन चालला होता. प्रत्येक वळणावर थांबून "होऽऽ" करायचा, मग पुढे जायचा. मागे पोरं त्याची नक्कल करत होती. वळणावर आम्ही समोरासमोर आलो. त्याने मला ओळखलं आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"जावा सायेब. मी थांबलोय."

बोलायचं ठरवूनही मी त्याच्या पुढून निघून गेलो. गेल्या महिन्यात तो वारला. वायर मी काढायला लावली होती.