देठ काढलेस काय?

परळच्या ऑफिसात आम्ही हॉस्पिटलांच्या डेटावर काम करतो. आमचे सर लालबागचे, घरचा मिरची कुटायचा डंख, म्हणजे गिरणी; तिथं मिरच्या देठ काढूनच घालतात. कुणी नवं सॉफ्टवेअर कौतुकानं दाखवलं की ते विचारतात, “देठ काढलेस काय?” म्हणजे यंत्रात घालण्याआधी माहिती स्वतः वाचलीस का.

परवा पेशंटबद्दल अंदाज सांगणारं माझं मॉडेल चाचणीत फारच अचूक निघालं. सगळे खूश. सर मात्र पेशंटच्या याद्या छापून, पट्टी लावून एकेक ओळ वाचत बसले. चहा गार झाल्यावर म्हणाले, “गो, मॉडेलला शिकवताना वापरलेले पेशंटच त्याच्या परीक्षेलाही बसलेत. उत्तरं त्याला आधीच ठाऊक होती.”

याद्या सरांनीच तयार केल्या होत्या. हॉस्पिटलला कळवताना मी मेलमध्ये ‘आमची चूक’ लिहिलं. सरांनी ‘आमची’ पुसून ‘माझी’ केलं आणि पट्टी माझ्याकडे सरकवली. “पुढची यादी तू वाच.”