ड्रेसरभाऊंनी ओळखलेला आजार

जखमेला चिकटलेली पट्टी ड्रेसरभाऊंनी कधी ओढून काढली नाही. ती भिजवायची आणि थांबायचं. तेवढ्या वेळात समोरचा माणूस आपोआप बोलायला लागायचा. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत पोंभुर्णा भागातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होते आणि ते जखमा बांधणारे ड्रेसर. तरी माझ्याकडून उठलेला पेशंट सरळ त्यांच्या खोलीत जायचा. "भाऊ, म्याडमनं देल्ली ते गोळी खाऊ का?" भाऊ म्हणायचे, "खा ना. म्याडम शिकून आल्या." माझा जळफळाट व्हायचा. माझ्या औषधाला त्यांची परवानगी लागत होती!

मोहफुलं वेचताना सायत्राबाईच्या डोळ्यांदेखत अस्वलानं तिच्या जावेला मारलं. सायत्राचाही खांदा फाडला. भाऊंनी दोन महिने ड्रेसिंग केलं, खांदा भरून आला. मग ती माझ्याकडे येऊ लागली. छाती धडधडते, झोप लागत नाही. मी छाती तपासली, रक्त तपासलं, टॉनिक दिलं आणि केसपेपरवर 'अशक्तपणा' लिहिलं.

भाऊ दारात येऊन म्हणाले, "म्याडम, खिडकीबाहेर पाला वाजला का सायत्रा भिंतीले चिपकते. मोहाकडं फिरकत नाई, लेकराले जवळ घेत नाई. तिले नुसतं आठवत नाई जी. तिच्यासाठी ते अजून होऊनच राह्यलं."

रांगेतले पेशंट ऐकत होते. "निदान करणं तुमचं काम आहे का?" मी म्हणाले.

"नाई जी," म्हणून ते निघून गेले.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा एकटाच आला. "तिले माहेरी सोडून देतो म्हणतो, म्याडम. घरात असून नसल्यासारखी राह्यली ते."

त्या दुपारी मी क्वार्टरवर जाऊन पुस्तक उघडलं. मोठ्या आघातानंतर महिना उलटला तरी तीच घटना डोळ्यांपुढे घडत राहणं, आठवण करून देणाऱ्या जागा टाळणं, आपल्या माणसांपासून तुटणं, बारीक आवाजानंही दचकणं. भाऊ दारात उभं राहून हेच तर बोलले होते! आजाराचं नाव सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला. मी इतकी वर्षं घासून शिकले आणि या माणसाला ते पट्टी बांधता बांधता कळलं.

दुसऱ्या दिवशी सायत्राला बोलावून, आजवर विचारलं नव्हतं ते सगळं विचारलं आणि चिठ्ठी देऊन तिला चंद्रपूरच्या मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं. दिवाळीपर्यंत ती लेकराला मांडीवर घेऊन बसू लागली. जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये त्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. मी ते घेतलं. भाऊंचं नाव घेतलं नाही.

परत आले तर भाऊ पेशंटांना पेढे वाटत होते. "आमच्या म्याडमनं बिमारी पकडली!"

मला दिलेला पेढा मी टेबलावर तसाच ठेवला. सगळे गेल्यावर विचारलं, "भाऊ, तुम्हाला कसं कळलं होतं?"

ते पट्ट्या गुंडाळत होते. "वैनगंगेत आमचा डोंगा पलटला होता जी. लहान्या भावाचा हात सुटला. नदी पाह्यली का तो हात अजूनही सुटते." गुंडाळलेली पट्टी डब्यात टाकून म्हणाले, "पोरगी नदीपलीकडे चामोर्शीकडं देल्ली. सहा वर्षं झाली. तिचं घर नाई पाह्यलं."

तीन वर्षं हा माणूस माझ्या शेजारच्या खोलीत होता. मी फक्त त्यांच्याकडे किती पेशंट जातात ते मोजत होते.

त्यांचा केसपेपर मी काढला. त्यांना चंद्रपूरला स्वतः घेऊन गेले आणि त्या डॉक्टरांना सांगितलं, सायत्राचं निदान यांचं होतं. भाऊ संकोचून भिंतीकडे बघत राहिले.

बरं व्हायला वर्षाच्या वर लागलं. निवृत्तीच्या आधी एकदा ते बसनं पूल ओलांडून लेकीकडे जाऊन आले. आल्यावर नदीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. घराला किती खोल्या, परसात कोणता वेल, नातीचा कोणता दात पडला, तासभर तेच सांगत बसले. बाहेर रांग वाढत होती. मी कोणालाच आत बोलावलं नाही. जिच्यासाठी त्यांनी ती नदी ओलांडली, त्या लेकीचा मात्र मला फार हेवा वाटला.