नव्या फळीमागचं कुजकं लाकूड

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावरही एका प्रकरणाने माझं डोकं असं तापवलं, की आज सांगतानाही आवाज चढतो. ते ना माझ्या हद्दीत घडलं, ना माझ्या देशात.

मी जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला मुलीकडे गेलो होतो. जावई सॉफ्टवेअरमध्ये. त्यांनी पहिल्यांदाच मोटरहोम घेतली होती. गाडी जुनी, पण आत ओटा, जेवायचं टेबल, झोपायची सोय. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग नातीने लगेच पटकावला. विकणारा ड्युसेलडॉर्फचा इंजिनिअर, मूळचा मुंबईचा. "आपलाच माणूस आहे, बाबा," जावई म्हणाले. "आतल्या एका स्क्रूलाही हात लावलेला नाही, म्हणाला."

पहिल्या सहलीला आम्ही मोझेल नदीकाठी मुक्काम केला. सकाळी दार उघडलं तर समोर नदी. मुलगी पोहे परतत होती, नात गवतात अनवाणी पळत होती. ऑफिसच्या कामाने सदा त्रासलेले जावई चक्क गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. "आजोबा, एस ट्रॉप्फ्ट!" नात वरून ओरडली. तिच्या उशीवर पाणी ठिबकत होतं. तिला खाली उतरवतोय तोच छताची फळी फुगून खाली आली. फळी नवीकोरी, पण मागचं लाकूड काळं पडून कुजलेलं, त्यावर बुरशी. पोरगी त्या बुरशीखाली दोन रात्री झोपली होती.

शेजारच्या गाडीतल्या जर्मन बाई मदतीला आल्या. त्या जे म्हणाल्या ते ऐकून जावयांचा चेहरा उतरला. हीच गाडी गेल्या उन्हाळ्यात इथे छतावर ताडपत्री बांधून उभी होती, आणि मालक भारतीयच होता. आम्हाला खबर मिळाली ती अशी.

मी जागच्या जागी पंचनाम्यासारखे सगळे फोटो घ्यायला लावले. जावई मात्र म्हणाले, "जाऊ द्या, बाबा. नीट बघून घ्यायला हवी होती. लोकांत हसं होईल."

"हसं तुमचं का व्हावं?" मी चिडलोच.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे ड्युसेलडॉर्फला गेलो. इथे मला ना वर्दी ना अधिकार. मी फक्त सासरा. गृहस्थांनी आग्रहाने चहा पाजला. गळतीबद्दल विचारलं तर साफ कानांवर हात. "मी काहीच उघडलेलं नाही, काका. आधीच्या मालकाकडून आली तशीच दिली."

दरडावलं की असा माणूस वकिलाचं नाव काढतो. कौतुक केलं की बोलतो. मी विषय बदलला. "आतलं लाकूडकाम मात्र सुरेख. पलंगावरच्या छताची फळी तर कुठे सांधलीय ते कळतच नाही. इथले सुतार कसबी दिसतात."

"सुतार कसला, काका! ती मी स्वतः बसवली."

बोलून गेला आणि कप हातातच राहिला. जावयांनी फोटो समोर ठेवले.

"आल्झो... म्हणजे, जुनी गाडी म्हटली की थोडंफार असतंच," तो म्हणाला. "आणि काँट्रॅक्टमध्ये लिहिलंय, आहे त्या स्थितीत घेतली."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जावईच बोलले. आवाज कापत होता, पण थांबले नाहीत. "माहीत असून लपवलेल्या दोषाला ती अट लागू होत नाही, मी वकिलाला विचारून आलोय. माझी मुलगी झोपत होती तिथे! तुम्ही मराठीत बोललात म्हणून मी विश्वास ठेवला."

"हे इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर नका टाकू," एवढंच तो म्हणाला. दुरुस्तीचा सगळा खर्च देतो, असं त्याने तिथेच लिहून दिलं. गाडी परत करायला नात तयारच नव्हती. वर्कशॉपने छत नवं करून दिल्यावर आम्ही पुन्हा निघालो, या वेळी समुद्राकडे.

ठाण्यात फसवणुकीची फिर्याद द्यायला येणारा माणूस बहुधा दाराशीच घुटमळतो. "साहेब, चूक माझीच," अशी सुरुवात करतो. आरोपी मात्र खुर्ची ओढून ऐसपैस बसतो. नोकरीभर हे पाहत आलो, पण त्या शरमेचं वजन जावयांची खाली गेलेली मान पाहून कळलं. विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही. आता ओळखीतलं कुणी असं सांगत आलं, की मी आधी त्याला नीट बसायला सांगतो आणि मगच विचारतो, काय झालं?