शेपटीतलं सागवान

माझे सासरे अंबाजी म्हणजे आगरदांड्याचे होड्यांचे सुतार. चाळीस वर्षांत आपली एकही होडी दुरुस्तीला परत आली नाही, हे ते कोणी न विचारता सांगत. स्वतःची चूक मात्र त्यांच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती. सासूबाई तर ती ऐकायची वाट बघतच गेल्या.

१९५८ साली मुरूडला दत्तात्रेय धुरंधर नावाचे गृहस्थ राहायला आले. विमानाच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना घरच्या घरी दोन माणसांचं विमान बांधायचं होतं. वर्षभर खेटे घालून त्यांनी सरकारी परवानगी काढली होती, जुनं इंजिनही मिळवलं होतं. लाकूडकाम करणारा तेवढा हवा होता. त्यांनी आमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, बोलावलं, आणि पंखांवर कापड शिवायला मला.

धुरंधर साहेब मुंबईहून हलकं पांढरं लाकूड घेऊन आले. मामांनी ते बोटांनी वाकवून पाहिलं.

"ही लाकडं हायत का उदबत्तीच्या काड्या?" ते म्हणाले.

साहेब हसले. प्रत्येक तुकडा वाण्याच्या तराजूत तोलायचा आणि वजन कागदावर लिहायचं, असा त्यांचा नेम होता. मामा मुकाट्याने तुकडे कापून देत राहिले. ते इतके मुकाट राहिले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शेपटीवर कापड शिवायला बसले तेव्हा कळलं. तोललेल्या पांढऱ्या पट्ट्या गायब, आणि त्यांच्या जागी चांगलं जाड सागवान.

"मामा, हे काय?"

"तू कापड शिव, तोंड बी शिव," ते म्हणाले.

मी शिवलं. आजही त्याचा राग येतो, त्यांचा आणि माझाही.

मार्गशीर्षात एका सकाळी ओहोटीच्या टणक वाळूवरून साहेबांनी एकट्यानेच विमान उडवलं. सुरूच्या शेंड्याइतकं वर गेलं आणि नाचायला लागलं. नाक वर, नाक खाली, पुन्हा वर. कसंबसं ते वाळूवर टेकलं. साहेब खाली उतरले.

"हातातला दांडा सारखा पुढे रेटावा लागतो," ते म्हणाले. "जरा सैल सोडला की नाक आभाळात. जरा जास्त रेटला की खाली मुंडी. मागे कुठेतरी वजन जास्त झालंय."

मामा समुद्राकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

तीन दिवसांनी मी साहेबांकडे मांदेली घेऊन गेले, तर घरभर वजनांचे कागद पसरलेले. डोळे लाल.

"ठमाबाई, माझ्या बेरजेत चूक आहे आणि ती सापडत नाही," ते म्हणाले. "ज्याला बेरीज येत नाही त्याने उडू नये. उद्या विमान मोडतो."

मी तशीच तणतणत घरी आले. मामा जेवायला बसले होते. ताटाशी उभी राहूनच मी म्हटलं, "तो भला माणूस स्वतःला दोष देतोय. पुन्हा उडाला असता तर मेला असता. तुम्ही सांगता की मी सांगू?"

सासऱ्यांशी असं मी कधी बोलले नव्हते. मामांनी पाण्याचा तांब्या उचलला, हात धुतले आणि अर्ध्या ताटावरून उठले. सरळ मुरूडच्या वाटेला लागले. मी मागोमाग गेले.

साहेबांच्या ओट्याखालीच ते थांबले. "साहेब, तुमची बेरीज बरोबर हाय. शेपटीत सागवान हाय. मी घातला."

"का?"

"मला भ्या वाटला. होडीला लाट मागनं मारते. तिथं लाकूड जाड नसला तर माणूस घरी येत न्हाय. तुम्ही घरी यावा म्हणून घातला."

साहेबांचा चेहरा आधी तापला. "मी मेलो असतो, अंबाजी!"

"व्हय," मामा म्हणाले. पुढे एक सबब नाही.

 मग आत जाऊन साहेबांनी कागद गोळा केले आणि मला म्हणाले, "टाके उसवायला घ्या."

चार दिवसांत सागवान निघालं, काड्या बसल्या. साहेब आधी एकटेच फेरी मारून आले आणि उतरले ते हसतच. आमच्यात नवी होडी पाण्यात गेली की बांधणारा तिच्यात बसतो. मामांनी टोपी माझ्या हातात दिली आणि कोणाला न विचारता विमानात चढून बसले.

विमान किनाऱ्यावरून वळून आमच्या डोक्यावर आलं, अगदी कमी उंचीवरून. साहेबांनी दांडा सोडून दोन्ही हात वर केले.  मग मामांनीही दोन्ही हात वर केले. मी पुन्हा पुन्हा मोजले. चारही हात हवेत होते, आणि विमान सरळ चाललं होतं.