टिकारामचा चौथा तास

टिकारामभाऊ, तुमच्यावर लिहिते आहे. स्तुती करणार नाही, आधीच सांगून ठेवते. तुम्ही हरलात तो डाव मी, कॅम्पातल्या शाळेची बाई, पाहिला होता. आता वाचणाऱ्यांना सांगू द्या.

टिकाराम भंडाऱ्याकडचा. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा तो खलाशी होता, म्हणजे लोखंडी तुळया दोरखंडांनी वर चढवणाऱ्या टोळीत. बुद्धिबळात मजूर कॅम्पात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. त्याला हरवत आला तो एकटा रशियन इंजिनिअर, निकोलाय साहेब. हा साहेब रोज पहाटे अर्ध्या चड्डीत मैदानाला फेऱ्या मारी आणि लोक त्याला हसत. दिवाळीनंतर तो मायदेशी चालला होता. त्याआधी एकदा तरी त्याला हरवायचं, हे टिकारामच्या मनानं घेतलं.

टोळीनंही घेतलं. हळद लागलेल्या नवरदेवासारखं त्याला आठवडाभर खाटेवर बसवलं आणि त्याच्या वाट्याचं काम बाकीच्यांनी ओढलं.

"तू निजून राय गा," टोळीतला चंपत म्हणाला. "डोस्क्यात ताकद जमा होऊ दे."

"मी पोटुशी होती तवा माये एवढे लाड कोनं नाई केले," टिकारामची बायको रुक्मा लाडू वळता वळता म्हणाली.

रविवारी डाव मांडला. तीन तास टिकाराम पुढे, एक घोडा जास्त. चौथ्या तासाला पाठ भरून आली, डोळे जड झाले आणि त्यानं आपला वजीर उघड्यावर नेऊन ठेवला. साहेब समोर ताठ बसलेला.

डाव संपल्यावर साहेबानं दुभाष्याकडून विचारलं, "रोज धावतोस का?"

"आमी दिवसभर धावतोच, साहेब," चंपतनं परस्पर सांगितलं. "मुकादम मांगंच रायते ना."

सगळे हसले. टिकाराम हसला नाही. खाटेवर पडून अंग सैलावलं, हे त्याला कळलं होतं. पण इतकी वर्षं राबूनही ते तयार झालेलं नव्हतं, हे त्याला जास्त लागलं. राबण्यात अंगातलं जातं. साहेब रात्रभर झोपून, दूध-अंडी खाऊन धावत होता, त्याच्या अंगात भर पडत होती. बुद्धीचा खेळ म्हणताना हे कोणी मोजत नाही.

तरी त्यानं ठरवलं, कामाआधी शेजारच्या कोहका गावाच्या वाटेनं पळायचं आणि दिवाळीच्या आत पुन्हा डाव मागायचा. अनवाणी पळाला. खडीनं तळवे सोलून निघाले.

मग तुम्ही माझ्याकडे आलात, भाऊ. "बाई, रायपूरले चालल्या तर कॅनव्हासचे जोडे आनसान का?" मी म्हटलं, आणते, कागदावर पाय ठेवून माप तेवढं काढून द्या. "उद्या देतो," म्हणालात. दुसऱ्याच दिवशी तुमची टोळी रातपाळीला लागली आणि पहाटेचं पळणं सुटलं. दिवाळी झाली, साहेब गेला. माप काही आलं नाही.