अण्णांच्या ताटाकडे बघू नका

माझ्या वडिलांना, अण्णांना, काय झालंय हे लातुरात आमच्या ओळखीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि त्यावर प्रत्येकाकडे एकच उपाय होता, खाऊ घाला. कोणी खारकेची पूड आणून द्यायचं, कोणी गावरान अंडी. सगळ्यांवर कडी केली ती मुदखेडहून आलेल्या आत्याने. डिंकाच्या लाडवांचा डबा ओट्यावर आपटत ती मला म्हणाली, "लेकीच्या घरी येऊन लई वाळलाय की गं माझा भाऊ. तुम्ही नीट खाऊ घालीत न्हाईत."

माझं डोकंच फिरलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचलेला आणि ही मला स्वयंपाक शिकवतेय!

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. हा आजारच अंगातलं मांस झिजवतो, भूकही तोच मारतो. आता कितीही भरवलं तरी अंगी लागणार नाही. आवडेल ते, जमेल तेवढं द्या, जबरदस्ती करू नका. मी आत्याला हे समजावलं की ती मान डोलवायची आणि जेवताना पुन्हा सुरू, "एक घास माझ्यासाठी खा रं." आई तिच्याही वरताण, वरणात गुपचूप तुपाची धार सोडायची. अण्णा भिडेखातर गिळायचे आणि मोरीत जाऊन ओकायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच.

गावाकडे, जळकोटजवळ, पंगतीत वाढायला अण्णाच लागायचे. बुंदीची बादली एका हाताने पेलत फिरायचे. कोणी पत्रावळीवर हात आडवा धरला तर खुशाल बोटांवर वाढायचे. आता त्याच दंडांवर बनियनची बाही लोंबत होती. खाली बसलं की हाडं रुतायची, म्हणून मी गोधडीची घडी घालून द्यायचे.

मग त्यांनी जेवायला बाहेर येणंच सोडलं. "तुम्ही जेवा, मला झोप यायलीय," म्हणत भिंतीकडे तोंड करायचे. ज्या माणसाला एकट्याने जेवणं म्हणजे शिक्षा वाटायची, तो आता आमच्या पंगतीला घाबरत होता. त्यांच्या घटत्या वजनापेक्षा मला याचाच जास्त त्रास झाला.

शेवटी एका संध्याकाळी मी लाडवांचा डबा कपाटात टाकला आणि दोघींना बजावलं, "आज अण्णांच्या ताटाकडे कोणी बघायचं नाही. जिला जमणार नाही तिने आत ओट्यापाशी जेवावं."

"लई शहाणी झालीस," आत्या म्हणाली. झाले तर झाले.

अण्णांना जाऊन सांगितलं, "नुसते येऊन बसा. तुमचं ताटसुद्धा वाढत नाही."

ते माझा हात धरून आले आणि गोधडीवर बसले. आत्या खाली मान घालून भाकरी कुस्करत होती. आमचं जेवण संपत आलं तेव्हा अण्णांनी येसराच्या आमटीचं पातेलं जवळ ओढलं. ते उचलेना, म्हणून मांडीला टेकवलं. पळीने आत्याच्या ताटात वाढलं, आईच्या ताटात वाढलं. मग माझ्याकडे वळले. माझं पोट भरलं होतं. सवयीने मी ताटावर हात आडवा धरला.

"घे की गं," अण्णा म्हणाले, "किती वाळलीस." आणि माझ्या बोटांवरच आमटी वाढली.